मुळावरची माती

२ जून

आदरणीय महोदय,

आमच्या शुष्क वनस्पती संग्रहालयातील शीट क्रमांक ३१७ (गाजर कुळ) ही आपण बावीस वर्षांपूर्वी उत्तरेकडील चुनखडीच्या कड्यावरून गोळा केली, अशी नोंद आहे. या कुळाचा वितरण-नकाशा नव्याने तयार होत असून, सदर शीटवर 'स्थळ संशयास्पद' असा शेरा असल्यामुळे, आपली त्या वेळची टिपणवही उपलब्ध असल्यास

जाऊ दे. तुला महोदय म्हणताना माझा हातच वळत नाही. हा मजकूर टाइप करायला दिला तर टायपिस्ट म्हणते, "बाई, आडनाव तुमचंच आहे की!" मी म्हटलं, असतात एका आडनावाची माणसं. मग कागद परत घेतला आणि आता हाताने लिहिते आहे.

मुंगळ्या, मी ताई. पत्ता मामाकडून घेतला. तू बियाण्यांचं दुकान चालवतोस आणि तुझ्याकडचं गाजराचं बी लोक लांबून येऊन नेतात, असं तो म्हणाला. अजून खाली मान घालून जमीन हुंगत चालतोस का, हे विचारायचं राहिलं. आईने तेवढ्यासाठी तर तुला मुंगळ्या म्हणायला सुरुवात केली होती.

काम एवढंच आहे. आमच्याकडे गेल्या वर्षी एक नवी शास्त्रज्ञ आली. गाजर कुळावरच डॉक्टरेट केलेली आहे, म्हणून सगळे तिला डॉक्टरीणबाई म्हणतात. शिपाई परवा तिला पाठदुखीचं औषध विचारत होता. ती कपाट न् कपाट उपसते आहे. प्रत्येक शीटवरचं ठिकाण वाचायचं आणि नकाशावर एक ठिपका द्यायचा. संशयित कपाटात तिला तुझी शीट सापडली. मला विचारलं, "बाई, हिचं काय करायचं? ठिपका द्यायचा की शीट रद्द करायची?" मी म्हटलं, बघते.

नकाशा नोव्हेंबरअखेर छापायला जाणार. मीही त्याच तारखेला निवृत्त होते आहे. तेव्हा वही असेल तर कळव.

आपली,
संग्रहपाल

१९ जून

मुंगळ्या,

तुझं कार्ड मिळालं. 'वही आहे. कशाला हवी ते खरं सांग.' बावीस वर्षांनी सात शब्द. तारेचे पैसे पडत असल्यासारखं लिहिलंयस.

खरं तेच सांगितलं होतं. नकाशासाठी हवी आहे. तू तो बघायला हवास. भिंतभर आहे. आपण शिकलो तेव्हा संग्रहालयाचे प्रमुख होते ते साहेब तोंडी सांगायचे, ते आता डोळ्यांना दिसतं. या कुळाला गारवा लागतो. थंड मुलखात ही झाडं रस्त्याच्या कडेला गवतासारखी उगवतात, ठिपक्यांवर ठिपके चढलेत. उष्ण मुलखाकडे आलं की मैदानं कोरी आणि ठिपके डोंगरमाथ्यांवर चढून बसलेले. कोरड्या, उघड्या पठारांवर पुरुषभर उंचीची, पोकळ दांड्यांची, हिंगाच्या जातीची. पार जगाच्या दक्षिण टोकाकडच्या वाऱ्याच्या माळांवर काही तर गादीसारखी घट्ट, त्यांच्यावर उभं राहिलं तरी दबत नाहीत म्हणे. आणि कोथिंबीर, जिरं, ओवा, बडीशेप, शेपू? त्यांना ठिपकेच द्यायचे नाहीत असं डॉक्टरीणबाईंनी ठरवलं. म्हणाल्या, ती माणसांच्या पिशवीतून जगभर गेली, त्यांचं गाव आता कोण सांगणार.

या सगळ्यात आपली बुटकी, तुझ्या ३१७ वरची, एकटीच चमत्कारिक. दक्षिणेच्या लाल मातीच्या डोंगरावर तिचे सात ठिपके, एकमेकांना चिकटून. आणि तुझी शीट खरी धरली तर आठवा ठिपका सहाशे किलोमीटर उत्तरेला, पांढऱ्या चुनखडीवर, एकटा. मधे काही नाही. साहेब म्हणाले होते, असं झाड उडी मारत नाही, संग्राहक मारतो. डॉक्टरीणबाई म्हणतात, मारू शकतं. पूर्वी मधला मुलूखही गार होता, मग तापला, मधली मेली, टोकाची दोन घरं राहिली. यावरून मला काही सुचवायचं नाही. त्या म्हणाल्या ते लिहिलं.

तेव्हा प्रश्न असा की तुझ्या शीटवरच्या झाडाच्या मुळांत लाल माती कशी आली. साहेबांनी तीस माणसांसमोर भिंग लावून ती दाखवली. ती दक्षिणेची माती आहे यात शंका नाही. पण वाळवणीच्या खोलीत तेव्हा झाडं दाबून वाळवायचे दोन प्रेस एकाच वेळी उघडे होते, तुझा आणि साहेबांचा. त्या गडबडीत कुणाकडून तरी दोन झाडांची अदलाबदल झाली असू शकते. तसं मी आता लेखी द्यायला तयार आहे. वही पाठवलीस तर दोन्ही मिळून बरंच काम होईल.

आईची शिवणाची पेटी माझ्याकडे आहे. तुला हवी असेल तर सांग.

ताई

४ जुलै

मुंगळ्या,

या वेळी दोनच शब्द. 'कुणाकडून तरी?'

चार दिवस ते कार्ड टेबलाच्या काचेखाली ठेवलं होतं. येणारा-जाणारा वाचायचा. शेवटी काढून ड्रॉवरमध्ये टाकलं. तर ऐक.

तू तेव्हा पुन्हा कड्यावर गेला होतास. तुझा प्रेस बसने आला, त्याच आठवड्यात साहेब दक्षिणेहून परतले, त्यांचाही आला. तू पत्राने कळवलेल्या झाडाशी ताडून बघायला म्हणून ते मुद्दाम तीच बुटकी घेऊन आले होते. आमची वाळवणीची भट्टी बंद पडली होती. कागद दमट, बुरशी धरेल अशी भीती, म्हणून मी दोन्ही प्रेस एकाच टेबलावर उघडले आणि टिपकागद बदलायला घेतले. दोन बुटक्या शेजारी शेजारी, जुळ्या बहिणी. दोघींच्या देठाला बांधलेल्या नंबरांच्या चिठ्ठ्या भिजून लगदा व्हायला आल्या होत्या. मी दोन्ही दोरे कापले, नव्या चिठ्ठ्या लिहिल्या. आता एक बांधून मग दुसरी कापायची, हा नियम मी स्वतः नवीन माणसाला पहिल्या दिवशी शिकवते. मी दोन्ही एकदम कापल्या.

तेवढ्यात हेडक्लार्कचा फोन आला. म्हणाले, "बाई, पेढे काढा, तुमची कायम नेमणुकीची फाइल साहेबांच्या टेबलावर गेली." अकरा वर्षं रोजंदारीवर होते मी. त्या फोनवर किती वेळ बोलले ते आठवत नाही. परत आले आणि चिठ्ठ्या बांधल्या. माझी खात्री होती की डावीकडची तुझी.

ही झाली चूक. चूक कुणाचीही होते. तू भर बैठकीतून उठून सरळ माझ्याकडे आलास आणि विचारलंस, "ताई, टिपकागद बदलताना काही झालं का?" मी म्हटलं, "माझ्याकडून काही नाही." तेव्हा ते खोटं नव्हतं. मला खरंच माहीत नव्हतं.

पुढचं मी कुणाला सांगितलेलं नाही. आठ दिवसांनी साहेबांचं झाड शीटवर चिकटवायला माझ्याकडे आलं. मूळ उलटवलं तर बेचक्यात पांढरी माती. चुनखडी. दक्षिणेच्या डोंगरावर औषधाला मिळणार नाही अशी पांढरी. मला एका क्षणात सगळं कळलं. तुझं झाड माझ्या हातात होतं, साहेबांच्या नावाने. ते तसंच घेऊन दोन खोल्या चालत जायचं होतं फक्त. फाइलवर अजून सही व्हायची होती.

मी ब्रश घेतला आणि मूळ साफ केलं. ओल्या फडक्याने पुसलं. टेबलावर पांढरी भुकटी पडली होती ती फुंकून टाकली. मग झाड चिकटवलं, नेहमीसारखं, नीट.

सोमवारी सही झाली. महिन्याभरात तुझी डॉक्टरेट थांबवली आणि तू घर सोडलंस.

मला वाटलं होतं, दुसऱ्या वर्षी तू पुन्हा झाड आणशील आणि सगळं मिटेल. तू काही आणलं नाहीस. साहेबांनी माणूस पाठवला तो भर उन्हाळ्यात. गाजराच्या जातीचं झाड तेव्हा जमिनीखाली मूळ होऊन झोपलेलं असतं, त्याला काय सापडणार? तो येऊन म्हणाला, तिथे दगड आहेत. हे हसण्यासारखं होतं, पण मी हसले नाही आणि तोंडही उघडलं नाही.

आई शेवटच्या आजारात रोज विचारायची, "तुम्हा दोघांत झालं तरी काय?" मी सांगायचे, "त्याच्या डोक्यात राग घालून घ्यायची सवयच आहे." ती म्हणायची, "नाही गं, तो असा नव्हता." 

मला याची लाज वाटते. रोज वाटते असं म्हटलं तर तेही खोटं होईल. संशयित कपाटापाशी गेलं की वाटायची, म्हणून मी ते कपाट जिन्याखाली हलवायला लावलं होतं.

आता तुला सगळं माहीत आहे. वही नाही पाठवलीस तरी चालेल.

ताई

२९ जुलै

मुंगळ्या,

तुझं काही आलं नाही, येईल असं धरूनही बसलेले नाही. काय चाललंय ते कळवते.

डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी चहा अर्धा ठेवून ऐकलं. वाटलं होतं, माझ्याकडे बघायच्या बंद होतील. त्या म्हणाल्या, "साहेबांची शीट आणा." विश्वासाच्या कपाटात पहिल्या खणात होती, बावीस वर्षं, लोक परदेशातून येऊन तिचे फोटो काढून न्यायचे. काखेत कळसा आणि गावाला वळसा. त्यांनी भिंगाखाली मूळ धरलं आणि बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बाई, ब्रशने सगळं जात नसतं." बेचक्याच्या आत, मुळाच्या केसांखाली, मोहरीएवढा पांढरा कण होता. त्यावर त्यांनी आम्लाचा थेंब सोडला. बुडबुडे आले. चुनखडीच.

मी खुर्चीवर बसले. एवढ्या वर्षांत ती शीट मी पन्नासदा तरी हाताळली असेल.

मग संचालकांकडे गेलो. भला माणूस आहे, पण उंटावरून शेळ्या हाकतो. म्हणाला, "बाई, चार महिने राहिलेत तुमचे. झाकली मूठ ठेवा ना. साहेबांच्या नावाच्या शीटला कुठे हात लावता? सत्कार आहे तुमचा." मी म्हटलं, सत्काराचा हार साहेबांच्या शीटला घाला. त्याला ते आवडलं नाही. शेवटी म्हणाला, साहेबांनी लेखी संमती दिली तर माझी हरकत नाही. त्याला वाटलं, मी जाणार नाही.

मी रविवारी गेले. साहेब शहाऐंशीचे आहेत, मुलीकडे असतात, डोकं लख्ख आहे. गुडघ्यांवर शाल आणि हातात तेच जुनं भिंग, आता पेपर वाचायला. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, फोनपासून ब्रशपर्यंत. ते म्हणाले, "मग शीट दुरुस्त करा. माझ्याकडे कशाला आलात?"

मी म्हटलं, "तुमच्या नावाची आहे ना."

"नाव माझं असेल. झाड त्याचं आहे."

मला राहवलं नाही. विचारलं, "साहेब, तेव्हाच सांगितलं असतं तर?"

"तर तेव्हाच दुरुस्त केली असती."

"आणि माझी फाइल?"

त्यांना फाइल आठवेचना. कुठली फाइल म्हणाले. मग म्हणाले, "त्या मुलाला मी फार बोललो होतो हो. तीस लोकांत बोललो. त्याला सांगा, माती बघितली ते बरोबर केलं, दुसरी शीट बघितली नाही ते चुकलं." आणि मुलीला हाक मारून कागद मागवला, संमती लिहून दिली. अक्षर थरथरतं, पण मजकूर सरळ.

सांगा म्हणाले, म्हणून सांगितलं. मी बस स्टॉपवर येऊन रडले. ज्याच्या भीतीने भाऊ घालवला, त्या माणसाला ती फाइल आठवतसुद्धा नव्हती.

ताई

१५ सप्टेंबर

मुंगळ्या,

डॉक्टरीणबाई माणूस म्हणून लाख आहेत, पण ठिपक्यांच्या बाबतीत सावकारापेक्षा कडक. म्हणतात, "तुमची कबुली आहे, कण आहे, साहेबांची चिठ्ठी आहे. शेरा काढायला हे पुरेसं आहे, ठिपका द्यायला नाही. मला तिथलं झाड हवं, आणि पिकलेल्या फळासकट."

बरोबरच आहे त्यांचं. तुला काय सांगायचं, या कुळात पान फसवतं, फूल फसवतं, सगळ्यांच्या त्याच पांढऱ्या छत्र्या. ओळख पटते ती फळावरून. पंख किती रुंद, कणा किती उंच, तेलाच्या नळ्या किती. फळ नाही तर नाव नाही.

म्हणजे पावसानंतरचे पंधरा दिवस, तेवढेच. त्याआधी कच्चं, नंतर गळून गेलेलं. कडा आठ मैलांचा आहे. शीटवर फक्त 'उत्तर कडा, ओलसर जागा' लिहिलंय. नेमकी जागा तुझ्या वहीत. तेव्हाही तू ती कुणाला सांगितली नाहीस, आणि आता मला सांगावीस असं मी काही केलेलं नाही.

तरी आम्ही ऑक्टोबरच्या मध्यावर निघतोय. मी, डॉक्टरीणबाई आणि जीपचा ड्रायव्हर. माझा डावा गुडघा आमच्याबरोबर येतो की नाही ते बघायचं. चार दिवसांची रजा मिळाली. आठ मैलांत चार दिवसांत काय होतं ते होईल.

जुन्या कपाटाला कीड लागली होती, गाजर कुळालाच. त्या किड्याला आपलं कुळ भारी आवडतं. तुझी ३१७ वाचली. मी ती कपाटातून काढून माझ्या टेबलावर ठेवलीय.

ताई

१२ ऑक्टोबर

मुंगळ्या,

पार्सल आज पोचलं. शिपायाने आणून दिलं तेव्हा मी चष्मा शोधत होते. दोऱ्याची गाठ बघितली आणि ओळखलं. अशी गाठ तू आणि आईच मारायचात. मला ती कधी सोडवता आली नाही, आली असती तर चिठ्ठ्यांचे दोरे कापायला लागले नसते.

वही वाचली. ३१७ चं पान सापडलं. 'तिसरी घळ, गळक्या कड्याखाली, जांभळ्या शेवाळाच्या पट्ट्याच्या डाव्या अंगाला, माणसाच्या छातीइतक्या उंचीवर. एकोणीस झाडं.' तू काढलेला नकाशाही आहे, त्यात नेहमीप्रमाणे उत्तर दिशा वाकडी.

मग मी शेवटची पानं उलटली.

दर वर्षी ऑक्टोबर. दर वर्षी तीच जागा. एकोणीस. बावीस. सतरा, बाजूला 'दरड'. अकरा. चौदा. एकवीस. आई गेली त्या वर्षी तेवीस. गेल्या वर्षी अडतीस. प्रत्येक ओळीपुढे 'फळ पक्व, काही घेतलं नाही.' मी बोटाने ओळी मोजल्या. एकही वर्ष सुटलेलं नाही.

म्हणजे दर वर्षी तू त्या कड्यावर येत होतास. इथून तीन तासांवर. एक फांदी तोडून माझ्या टेबलावर आणून आपटली असतीस तर दुसऱ्याच वर्षी साहेबांचं तोंड बंद झालं असतं आणि तुझं गेलेलं सगळं परत आलं असतं. मला आधी तुझा भयंकर राग आला. हातात वही धरून मी तुला मोठ्याने शिव्या दिल्या. टायपिस्ट घाबरून आत आली.

मग पाकिटाच्या तळाशी तुझी चिठ्ठी सापडली.

'ताई, झाड तिथे आहे हे मला माहीत होतं. ते सिद्ध करायची मला घाई नव्हती. तुला काय माहीत आहे ते तू कधी सांगतेस, याची वाट बघत होतो.'

हट्टीपणात तू आईवर गेलास आणि भित्रेपणात मी कुणावर गेले ते मला माहीत नाही. बावीस वर्षं फार होतात रे. दोघांनाही फार होतात.

परवा पहाटे निघतोय.

ताई

३० नोव्हेंबर

मुंगळ्या,

आज माझा शेवटचा दिवस. सत्कार झाला. संचालक माझ्या सचोटीवर दहा मिनिटं बोलला, मी बुटांकडे बघत होते. नकाशा काल छापायला गेला. आता सगळं क्रमाने सांगते.

तिसऱ्या घळीपर्यंत जीप गेली नाही. मी काठी घेऊन चढले, ड्रायव्हर मागून "मावशी, बसा, मावशी, बसा" करत होता. जांभळं शेवाळ लांबूनच दिसलं. बुटकी तिथेच होती, छातीच्या उंचीवर, खडकाच्या फटींतून बाहेर आलेली. छत्र्या वाळलेल्या, फळं तपकिरी, कडक. डॉक्टरीणबाईंनी एक फळ चिरून भिंगाखाली धरलं आणि म्हणाल्या, "पंख बघा, बाई." मी बघितलं. रुंद पंख. पान चुरगाळलं तर ओवा आणि शेपूच्या मधला वास. वाळलेल्या शीटवर तो वास नसतो, त्यामुळे बुटकीचा वास मला माहीतच नव्हता.

आम्ही एकच घेतलं, मुळासकट. तेही कडेला सुटून आलेल्या दगडाबरोबर लोंबत होतं ते. नंबर मी जागेवरच देठाला बांधला, तीन गाठी मारून. माती तशीच ठेवली. माझ्या नखांत जी अडकली ती दोन दिवस निघत नव्हती. तेव्हा किती पटकन निघाली होती.

नव्या शीटवर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, संग्राहक म्हणून कोणाचं नाव घालू. मी म्हटलं, जागा त्याची आहे, पहिलं त्याचं घाला. नकाशावर उत्तरेला आता एक ठिपका आहे. एकटाच आहे, पण पक्का काळा. शेजारी वर्ष बावीस वर्षांपूर्वीचं घातलंय, यंदाचं नाही.

राहिल्या जुन्या दोन शीटा. आपला नियम तुला ठाऊक आहे. जुनी चिठ्ठी कधी फाडायची नाही, खोडायची नाही. चुकीची असली तरी राहू द्यायची आणि खरी तिच्या शेजारी चिकटवायची, म्हणजे पुढच्या माणसाला कळतं कोण कुठे चुकलं. मी दोन्हींवर माझ्या हाताने लिहून चिकटवली. साहेबांच्या शीटवरची अशी आहे:

'या शीटवरचं झाड उत्तर कड्यावरचं आहे, क्र. ३१७. वाळवताना चिठ्ठ्यांची अदलाबदल माझ्याकडून झाली. ते आठ दिवसांत लक्षात आल्यावर मुळावरची पांढरी माती मी पुसली. संग्राहक खरा होता.' खाली सही, पद, आजची तारीख.

संचालक म्हणाला, माती पुसल्याचं वाक्य तेवढं गाळा. मी म्हटलं, डिंक वाळला.

आता वहीबद्दल. तुझ्या मोजणीच्या पानावर शेवटी यंदाचं साल तू लिहिलं होतंस आणि पुढची जागा कोरी सोडली होतीस. ती कोणासाठी सोडलीस ते मी विचारलं नाही. कड्याखाली बसून मी मोजली आणि तुझ्या आकड्यांखाली माझा आकडा लिहिला. एकेचाळीस. दुसऱ्यांदा मोजली तर त्रेचाळीस आली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बेचाळीस लिहा. मी खोडलं नाही, तिन्ही लिहून ठेवलेत.

खरं काय ते तू येऊन मोजून सांग. वही मी पोस्टाने पाठवणार नाही.

ताई